शिंजिराच्या फांदीला बांधलेली दोरी

राजस्थानात, चौमूंच्या पुढे सीकर रोड सोडला की डाव्या हाताला एक मातीचा रस्ता आत जातो. दीड-दोन किलोमीटरवर शेतं संपतात आणि वाळूचे बुटके उंचवटे सुरू होतात. त्यांच्यावर बोरी, केर नावाची काटेरी झुडपं, मधूनच एखादी खेजडी, म्हणजे आपली शमी, आणि नारिंगी फुलांची चार-पाच रोहिड्याची झाडं. पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा बाबा गाडीतून उतरलेही नव्हते. काच अर्धी उघडून म्हणाले, "इथे काय मिळणार तुला? माती आणि काटे. चल, परत फिरू." तेवढ्यात रोहिड्याच्या एका फुलावर काहीतरी जांभळं चमकलं आणि लगेच विझलं.

तो शिंजीर होता. अंगठ्याएवढा पक्षी, सुईसारखी वाकडी चोच. सावलीत बघाल तर नुसता काळा. पण उन्हात मान वळवली की जांभळा, थोडी आणखी वळवली की निळा, आणि पाठ केली की मोरपिसासारखा हिरवट. हे सगळं एका क्षणात होतं आणि कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत तो पुन्हा काळा झालेला असतो. ऑफिसमधले लोक त्याला शकरखोरा म्हणतात. शिंजीर हे नाव मला आईने दिलं. तिच्या माहेरी, सातारा जिल्ह्यात, परसातल्या जास्वंदीवर ते यायचे म्हणे.

त्या दिवसापासून तीन वर्षं आम्ही दर रविवारी तिथे जातो. बाबा विमा कंपनीतून निवृत्त झाले, त्यांनाही सकाळी बाहेर पडायला निमित्त मिळालं. ते गाडी खेजडीच्या सावलीत लावतात, सीट मागे करतात आणि पेपर उघडतात. मी वाळूवर पोटावर झोपून वाट बघते. पांढऱ्या गालांचे बुलबुल येतात, त्यांच्या शेपटीच्या मुळाशी लिंबासारखा पिवळा डाग असतो. चिरक येतो, शेपूट उंच करून, तांबूस बुड दाखवत. कधी खाटीक येतो, डोळ्यांवरून काळी पट्टी ओढलेला, पाठीला विटकरी रंग, इतका देखणा की तो टोळ आणि सरडे काट्यावर टोचून ठेवतो हे खरं वाटत नाही. मी तासन्‌तास तिथे पडून असते आणि कोणी मला काही विचारत नाही. मला हेच फार आवडतं. घरी पाहुणे आले की मी पाण्याचे ग्लास ठेवून स्वयंपाकघरात परत जाते ती तिथेच राहते. आई म्हणते, "तुझ्या पक्ष्यांशी तरी बोलतेस का गं, की तिथेही गप्पच?"

गेल्या मार्चमध्ये मला शिंजिराचं घरटं सापडलं. सापडलं म्हणजे मादीने दाखवलं. ती नरासारखी चमकत नाही, साधी मातकट, पोटाला फिकट पिवळी. ती चोचीत कोळ्याचं जाळं घेऊन एकाच बोरीत सारखी शिरताना दिसली. मी जवळ गेले तेव्हा आधी वाटलं, वाऱ्याने कचरा अडकलाय. सालींचे तुकडे, वाळकी पानं, कसलंतरी भुसकट, सगळं जाळ्याने चिकटवलेलं आणि एका बारीक फांदीला पिशवीसारखं लोंबणारं. बाजूला एक भोक आणि भोकावर छपरासारखी पुढे आलेली एक पापणी. जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर, बोरीच्या अगदी आत, दाट सावलीत.

तीन रविवार मी लांबून बघत राहिले. तिसऱ्या रविवारी मादी अळ्या घेऊन यायला लागली, म्हणजे पिल्लं बाहेर आली होती. फोटो मात्र एकही धड येईना. आत अंधार. समोर काटे. कुठे चोच कापलेली, कुठे डोळ्यावर फांदीची रेघ. आणि नर तर सावलीत शिरला की काळा ठिपका. मी शेकडो फोटो काढले आणि शेकडो पुसले.

चौथ्या रविवारी बाबांचा गुडघा दुखत होता. "तू जा एकटी," ते म्हणाले. "गाडी येते ना आता नीट? मग." आई म्हणाली, "एकटी? तिकडे?" पण बाबांनी किल्ली माझ्या हातात ठेवली होती.

एकटी होते म्हणूनच मी ते केलं असावं. बाबा गाडीत असते तर मी केलं नसतं. ते काही बोलले नसते, पण चष्म्यावरून नुसतं बघितलं असतं.

गाडीत मागच्या सीटवर मिठाईचा एक डबा पडला होता, कोणाच्यातरी साखरपुड्याचा. त्याला लाल-पांढरी दोरी होती. मी ती सोडवली. घरट्याची फांदी दोन बोटांनी हळूच धरली, हातभर वर उचलली, आणि वरच्या जाड फांदीला बांधून टाकली. आता घरटं बोरीच्या गर्दीतून बाहेर आलं होतं, मोकळ्या उन्हात, आणि मागे लांबवर रोहिड्याची नारिंगी फुलं धूसर दिसत होती. असं करायचं नसतं, हे मला माहीत होतं. पक्ष्यांचे फोटो काढणारा प्रत्येक जण पहिल्या महिन्यात हे शिकतो. मी स्वतःला सांगितलं, दहा मिनिटं. मग सोडते.

मादी चार-पाच मिनिटं आली नाही. मग आली, घुटमळली, आणि शेवटी भोकाला लटकून तिने चोच आत घातली. तिच्या मागोमाग नर आला. ऊन बरोबर त्याच्या मानेवर पडलं. तीन वर्षांत मला जे मिळालं नव्हतं ते तेव्हा मिळालं. जांभळा, निळा, हिरवा, सगळे एका फोटोत, चोचीत एक हिरवी अळी, आणि भोकातून बाहेर आलेला एक इवलासा पिवळा जबडा.

मी तो फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून बघत होते, तेवढ्यात मागे मोटरसायकल थांबली. दोघे जण होते. उतरले नाहीत, तशीच गाडी चालू ठेवून माझ्याकडे बघत राहिले.

"मैडमजी, कांई देखो छो?" पुढचा म्हणाला.

"कुछ नहीं. चिड़िया."

"चिड़िया!" मागचा हसला. "एकली आई हो के?"

तो कदाचित सहजच विचारत असेल. तिकडची माणसं चौकशी करतात, वाईट मनात नसतं. पण मला एवढंच ऐकू आलं की मी एकटी आहे हे त्यांना कळलंय. मी कॅमेरा पिशवीत कोंबला, "पापा आ रहे हैं," असं पुटपुटले, गाडीत बसले, दारं लॉक केली आणि सीकर रोड लागेपर्यंत आरशातून नजर काढली नाही. कोणीही मागे आलं नव्हतं.

घरी फोटो दाखवला. बाबांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "हे आपल्या तिथलंच?" आईने शेजारच्या काकूंना हाक मारून दाखवला. मी दिवसभर खूश होते. दोरी मला एकदाही आठवली नाही.

आठवली ती सोमवारी. मी गोपालपुऱ्याला एका कोचिंग संस्थेत काम करते. जीवशास्त्राच्या प्रश्नपत्रिकांसाठी आकृत्या काढायच्या, नावं द्यायची, बाण योग्य जागी लागलेत की नाही बघायचं. साडेबाराला डबा उघडायच्या आधी मी लॅपटॉपवर तो फोटो पूर्ण उघडला, कडा थोड्या कापाव्यात म्हणून. वरच्या डाव्या कोपऱ्यात काहीतरी लाल होतं. मोठं केलं. लाल-पांढरी दोरी, आणि तिची मी मारलेली गाठ.

डबा तसाच बंद केला. काल नऊ वाजल्यापासून. म्हणजे कालचा सगळा दिवस आणि आजचाही अर्धा. एप्रिलमध्ये तिथली वाळू दुपारी हाताला चटका देते. जाळ्याच्या पातळ पिशवीत जेमतेम आठवड्याची, अंगावर धड पिसंही न फुटलेली पिल्लं, आणि वर सावलीचं एक पान नाही. ऊन नाहीतर कावळा. कावळा नाहीतर तो देखणा खाटीक. आधी काट्यांमुळे मला घरटं नीट दिसत नव्हतं, तसं त्यांनाही दिसत नव्हतं. मी ते सगळ्यांसाठी उघडं करून ठेवलं होतं.

मी गच्चीवर जाऊन बाबांना फोन लावला.

"काय गं, जेवलीस?"

"बाबा, एक काम आहे. आत्ताच्या आत्ता."

"बोल."

मी सांगितलं. सांगताना मध्ये दोनदा थांबले. बाबा रागावतील म्हणून मी फोन कानापासून थोडा लांबच धरला होता. ते रागावले नाहीत. त्यांनी प्रश्न विचारले, ते नोकरीत दाव्यांची चौकशी करताना विचारत असतील तसे.

"कधी बांधलीस?"

"काल सकाळी. नऊच्या सुमारास."

"झाड कुठलं?"

"आपण गाडी लावतो ती खेजडी. तिच्या डाव्या हाताची दुसरी बोर. रस्त्याच्या बाजूने नाही, पलीकडून."

"गाठ कशी आहे? ओढून सुटेल की कापावी लागेल?"

"माहीत नाही बाबा. बहुतेक कापावी लागेल."

"बरं. कात्री घेतो. तू जेव."

"तुमचा गुडघा..."

"गुडघ्याने गाडी चालवत नाही मी," ते म्हणाले आणि फोन ठेवला. गुडघा लागतो गाडीला, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

दोन वाजायला पाच मिनिटं असताना त्यांचा मेसेज आला. बाबा एका बोटाने टाइप करतात, देवनागरीत, आणि प्रत्येक वाक्याला पूर्णविराम देतात.

"दोरी सोडली. घरटं आता खाली आहे."

मी ते वाचलं आणि मला कळलं. घरटं रिकामं. संपलं. त्यांनी 'आता' लिहिलं होतं, म्हणजे काल होतं, आता नाही. मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदाही त्यांनी उचलला नाही, आणि मला वाटलं, त्यांना माझ्याशी बोलायचं नाहीये.

समोर माणसाच्या हृदयाची आकृती होती, चार कप्पे, अकरा बाण. मी त्यातला एक बाण हलवत बसले. आमच्या विभागाच्या मुख्य मॅडम मागून येऊन उभ्या राहिल्या ते मला कळलं नाही. दोन वर्षांत मी त्यांच्याशी कामाबाहेर चार वाक्यंही बोलले नसेन.

"यह तीर फेफड़े में क्यों जा रहा है?" त्या म्हणाल्या, आणि मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांचा आवाज बदलला. "अरे. क्या हुआ? घर पे सब ठीक?"

मी मान हलवली. ठीक नाही, अशी.

"किसी की डेथ हुई?"

मला नाही म्हणता आलं नाही.

"कौन?"

"बच्चे," मी म्हणाले.

मॅडमनी खुर्चीची पाठ धरली. आजूबाजूच्या टेबलांवरचं टाइपिंग थांबलं. "हे भगवान! किसके बच्चे?"

आता खरं सांगण्यावाचून सुटका नव्हती. "शकरखोरे के," मी म्हणाले, आणि सगळ्यांसमोर रडायला लागले.

कोणीतरी मागे फिस्स करून हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी वळून त्या दिशेने बघितलं, हसणं बंद झालं, आणि मग माझ्या टेबलावरचा न उघडलेला डबा उचलून माझ्या पिशवीत घातला. "घर जा," त्या म्हणाल्या. "दिल कल बना लेना." हे त्या आकृतीबद्दल होतं.

गोपालपुऱ्यापासून विद्याधर नगरपर्यंत स्कूटी कशी चालवली ते मला सांगता येणार नाही. एवढंच आठवतं की प्रत्येक सिग्नलला मी बाबांना काय म्हणायचं ते ठरवत होते आणि हिरवा दिवा लागला की विसरत होते.

आई जेवणाच्या टेबलाशी कैऱ्या चिरत बसली होती. मला बघून तिने सुरी ठेवली.

"एवढ्या लवकर? बरं नाही का?"

"बाबा आले?"

"नाही अजून. फोनही उचलत नाहीत. मतलब, काय चाललंय तुमचं दोघांचं? कात्री घेऊन गेलेत माझी, नवीन. काय झालं त्या दोरीचं?"

मी फोन तिच्यापुढे धरला. तिने हात पुसले, चष्मा शोधला, लावला आणि मोठ्याने वाचलं. "दोरी सोडली. घरटं आता खाली आहे." मग माझ्याकडे बघितलं. "बरं झालं की मग."

"बरं झालं?"

"नाहीतर काय? सोडली ना दोरी."

"आई, पुढे वाच ना! खाली आहे म्हणतायत."

"हो मग. खाली नको यायला? तूच ना ते वर ताणून बांधलंस? बाबांनी जाता जाता सांगितलं मला. तू वर बांधलंस, त्यांनी सोडलं, ते खाली आलं. यात रडण्यासारखं काय आहे?"

मी तिच्या हातातून फोन घेतला आणि पुन्हा वाचलं. त्याच दोन ओळी होत्या. खाली. बोरीच्या आत, गुडघ्याच्या उंचीवर, सावलीत, जिथे ते आधी होतं तिथे.

"मला वाटलं, खाली म्हणजे रिकामं."

आईला कळायला क्षणभर लागलं. मग तिने कपाळाला हात लावला. "अगं बाई! बाबा मराठीत लिहितात गं!"

मी जन्मापासून घरी मराठीच बोलते. पण वाचायला मी शाळेत शिकले ते इंग्रजी, आणि देवनागरी आली ती हिंदीच्या तासाला. आईने खोलीतून "खाली ये" म्हटलं तर मी जिना उतरते, माझी काही चूक होत नाही. तोच शब्द लिहिलेला दिसला की माझ्या डोक्यातली हिंदीची बाई आधी उठून उभी राहते. शिवाय आमच्या घरात आम्ही सर्रास "बाटली खाली झाली" म्हणतो, आईसुद्धा म्हणते. एकटे बाबाच "रिकामी" म्हणतात, आणि त्यांनी ते हट्टाने, पस्तीस वर्षं राजस्थानात राहून, सांभाळून ठेवलंय. मी ज्यांच्याकडून मेसेजची वाट बघत होते ते घरातले एकमेव माणूस होते ज्यांच्या लेखी खाली म्हणजे फक्त खाली.

मी हसले, मग पुन्हा थोडं रडले. आईने मला कैरीची फोड दिली, मीठ लावून. पण ती मी हातातच धरून ठेवली. कारण घरटं रिकामं आहे असं बाबा म्हणाले नव्हते, तसं ते भरलेलं आहे असंही म्हणाले नव्हते. पिल्लांबद्दल त्या दोन ओळींत काहीच नव्हतं.

"ठीक असती तर लिहिलं नसतं का त्यांनी?" मी विचारलं.

"येतील ते. विचार मग."

"फोन का उचलत नाहीत?"

"मला काय माहीत? तुझेच बाबा आहेत ते."

पावणेतीन ते साडेचार मी खिडकीतून गल्लीच्या तोंडाकडे बघत बसले. बाबांची गाडी आली तेव्हा मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले. ते लंगडत होते. केसांत वाळू होती, शर्ट पाठीला चिकटला होता आणि नाक उन्हाने लाल झालं होतं. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, पण त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच काही कळत नाही.

"बाबा?"

"थांब जरा. पाणी पिऊ दे."

वर आल्यावर त्यांनी चपला काढून जागेवर ठेवल्या. हातपाय धुतले. माठातलं दोन पेले पाणी प्यायले. खिशातून मिठाईच्या डब्याची दोरी काढून टेबलावर ठेवली, तिच्या शेजारी आईची कात्री. मी आईचा हात धरला होता. आई वैतागून म्हणाली, "अहो, पोरगी मरायला टेकलीय, सांगा ना!"

"पिल्लं आहेत," बाबा म्हणाले.

मी तिथेच फरशीवर बसले.

"किती?" आईने विचारलं.

"मी काय डोकं आत घालून बघितलं? चोची दोन दिसल्या. दोनपर्यंत मी लिहून देतो. तिसरं असेल तर मला माहीत नाही."

मग त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. गाठ ओढून सुटली नाही. कापताच फांदी झटक्याने गेली तर पिल्लं उसळून बाहेर पडतील, म्हणून त्यांनी एका हाताने फांदी धरून ठेवली आणि दोरी कापल्यावर ती बोटभर-बोटभर उतरवत नेली. काटे हाताला लागले, ते त्यांनी दाखवले नाहीत, पण मला दिसले. फांदी आपल्या जागी गेली, बोरीची पानं तिच्यावर मिटली. तेव्हा त्यांनी मला मेसेज केला. मग फोन गाडीत ठेवून दिला, कारण ऐन वेळी वाजला असता. आणि लांब, दुसऱ्या बोरीच्या आडोशाला, डोक्यावर पेपर धरून दीड तास बसले.

"दीड तास?" आई म्हणाली. "त्या उन्हात? गुडघा घेऊन?"

"बघितल्याशिवाय येऊन काय सांगणार होतो हिला?"

पहिली चाळीस मिनिटं कोणी आलं नाही. घरट्यातून आवाजही नाही. "तेव्हा म्हटलं," बाबा म्हणाले, आणि काय म्हटलं ते त्यांनी सांगितलं नाही. शेळ्या घेऊन एक बाई तिकडून गेली. तिने त्यांना विचारलं, "बाऊजी, प्लॉट देखो छो कांई?" ते नाही म्हणाले तरी तिचा विश्वास बसला नाही. पँट-शर्टातला माणूस तिथे जमिनीकडे टक लावून बसलाय म्हणजे जमीन घ्यायलाच आलाय. जाता जाता तिने भावही सांगितला.

मग मादी आली. रोहिड्यावर बसली, तिथून उडाली आणि कालपासून घरटं जिथे होतं तिथे गेली, वर, मोकळ्या हवेत. तिथे काहीच नव्हतं. ती पंख फडफडवत एका जागी तरंगत राहिली, मागे गेली, पुन्हा त्याच जागी आली.

"दोनदा," बाबा म्हणाले. "दोनदा ती त्याच जागी आली. चोचीत अळी. मला वाटलं, आता मीच सांगावं हिला ओरडून, अगं, खाली आहे, खाली!"

आई एवढी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. बाबांना कारण माहीत नव्हतं. आम्ही सांगितलं. त्यांनी माझा फोन मागून घेतला, आपलाच मेसेज वाचला आणि विचारात पडले.

"बरोबर लिहिलंय की."

"बरोबरच आहे हो," आई म्हणाली. "हिने हिंदीत वाचलं."

"मग मी काय लिहायला हवं होतं?"

"पिल्लं ठीक आहेत, असं," मी म्हणाले.

"पण ते मला तेव्हा कुठे माहीत होतं? पाहिली नव्हती मी. जेवढं पाहिलं तेवढंच लिहायचं." तीस वर्षं त्यांनी जळालेली दुकानं आणि बुडालेली पिकं बघून अहवाल लिहिले. त्यांच्या हाताखालच्या लोकांना ते हेच सांगत असत.

तिसऱ्या खेपेला मादीने घरटं शोधलं. ती बोरीत शिरली आणि लगेच आतून चिवचिव सुरू झाली, बारीक, पण बाबांना तिथपर्यंत ऐकू आली. मग नरही आला. त्यानंतर दोघं येत-जात राहिली, आणि चोची दिसल्या त्या तेव्हा. बाबा आणखी थोडा वेळ बसले. "खात्री म्हणून," ते म्हणाले.

मी उठले. पिशवीतून दुपारचा डबा काढला आणि ओट्याशी उभ्याउभ्याच खाल्ला. गार पोळी, गार भेंडी, शेवटी डब्याला लागलेलं लोणचं बोटाने पुसून. मग आईने बाबांसाठी गरम केलेल्या भातातलाही घेतला. आई बघत राहिली. "सावकाश," एवढंच म्हणाली.

पोटात अन्न गेल्यावर अंग एकदम ढिलं पडलं. मी बाहेरच्या खोलीत पंख्याखाली सतरंजीवर आडवी झाले. डोळे मिटले होते, पण झोप लागली नव्हती. फरशी गार होती. काही करायचं नव्हतं, कोणाला काही समजवायचं नव्हतं. बोरीच्या आत सावलीत दोन चोची होत्या, निदान दोन. मी ते पुन्हा पुन्हा मनात म्हणून बघत होते आणि दर वेळी ते खरं होतं.

बाबांनी आतल्या खोलीत साताऱ्याला काकांना फोन लावला. दर सोमवारी लावतात. पाऊसपाणी, तब्येत, मग ते या विषयावर आले. त्यांच्या आवाजात मी कधी ऐकला नव्हता असा उत्साह होता.

"शिंजीर रे, शिंजीर. आपल्याकडे परसात यायचे ते... हो, इथेही असतात, वाळवंटात... नाही, ठीक आहेत पिल्लं. मी स्वतः पाहिली. दोन... कोणीतरी फांदी दोरीने वर बांधून ठेवली होती रे. फोटोबिटो काढणारे लोक असतात ना, त्यांतलं कोणीतरी. काय माहीत कोण... हो ना, अक्कल नाही लोकांना."

मी डोळे उघडले. पाहिलं तेवढंच लिहिणारा माणूस आपल्या सख्ख्या भावाला खोटं सांगत होता, तेही एवढ्या सहज, की पुढच्या वाक्याला त्याने श्वासही घेतला नाही.

मला गप्प राहता आलं असतं. गप्प राहणं मला नेहमीच सोपं जातं. पण मी इतकी सुटल्यासारखी झाले होते की तेवढं एक लपवून ठेवायलाही जीवावर आलं.

"बाबा," मी पडल्या पडल्या मोठ्याने म्हणाले, "मी बांधली होती. सांगा काकांना."

आतला आवाज थांबला. मग बाबांनी फोनवर हात ठेवला असावा, कारण पुढचं दबक्या आवाजात आलं. "तू झोप."

"सांगा ना पण."

"झोप म्हणतो ना!" आणि लगेच, फोनमध्ये, नेहमीच्या आवाजात, "काही नाही रे. पोरगी झोपेत बडबडतेय. ऊन लागलंय तिला... नाही नाही, ठीक आहे. सगळे ठीक आहेत."